चार क्वार्टर

दिवसाला सातशे मिली, डॉक्टर म्हणाले.
पाणी, चहा, पेज, गोळीवरचा घोट, सगळं धरून.
मथुरेने मापटं शोधलं नाही.
मागल्या पडवीत, शेणींच्या मागे
मीच लपवलेल्या बाटल्या होत्या.
त्यातल्या चार तिने राखेने घासल्या,
लेबलं नखाने खरवडली
आणि पहाटे विहिरीचं पाणी भरून
फळीवर ओळीने मांडल्या.
एकशेऐंशी गुणिले चार.
वीस मिली जास्त होतात, मी म्हणालो.
तेवढे सांडतात, ती म्हणाली.

आयुष्यात मी क्वार्टर कधी पुरवून प्यायलो नव्हतो.

बत्तीस वर्षं माड चढलो, शिरोड्यात, आरवलीत,
सकाळी एकदा, तिन्हीसांजेला एकदा.
कमरेला कोयता. पोय तासायची, मडकं उतरवायचं,
तहान लागली तर वरच्या वर तोंड लावायचं.
आता शहाळंही बंद.
त्यात पोटॅशियम असतं म्हणे,
मी इतकी वर्षं ते न ओळखताच विकत होतो.
माडाखाली बसायला डॉक्टरांची ना नाही,
पण झावळ पडेल म्हणून मथुरा बसू देत नाही.

किडन्या साखरेने गेल्या, असं कागदावर लिहिलंय.
गावाला ते पटत नाही.
तिठ्यावर मला बघून बायका पोरांना सांगतात,
बघ, पिऊन काय होतं.
मी कागद दाखवत फिरत नाही.
थोडं त्यांचंही खरं असेल.

डाव्या हाताची शीर कापून जोडलीय.
रात्री झोप लागत नाही तेव्हा
मनगट कानाशी धरतो.
आत घूं घूं चालू असतं,
आंबू लागलेल्या मडक्याला कान लावावा तसं,
तोंडाशी माश्या, आत फेस.
मला तो आवाज पाठ आहे.
या मडक्याला मात्र उतरवणारा मी नाही.

मंगळवार, शुक्रवार. सहाची एसटी, सावंतवाडी.
चार तास रक्त बाहेर फिरतं
आणि शेजारच्या खुर्चीतले नाबर मास्तर
डोळे मिटून एकेका सरबताचं नाव घेतात.
आवळा. कोकम. वाळा.
मग पायात गोळे येतात आणि गप्प होतात.

चैत्रात इनास आला.
काजूच्या बागेतून थेट, हाताला बोंडांचा वास,
पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली.
हुर्राक.
"ह्या वर्षाचो पयलो. वास तरी घे."
वास घेतला.
वासाला मिली नसतात.
मग बोट बुडवलं. मग झाकणभर.
पुढचं मी मोजलं नाही, इनासने तर नाहीच.
खूप दिवसांनी आम्ही मेलेल्या माणसांवर हसलो,
त्यातला एक मीही होतो.
मथुरा तेव्हा बाजारात गेली होती
किंवा गेली आहे असं मला वाटलं होतं.

मंगळवारी काट्यावर उभा राहिलो.
तेजलने आकडा वाचला, परत वाचला.
"काका, तीन किलो दोनशे? काय घेतलंत?"
पेज, मी म्हणालो.
मथुरा दारात चपला सरळ करत होती.
त्या दिवशी तिसऱ्या तासाला प्रेशर पडलं,
छत लांब गेलं, कुणीतरी पाय वर धरले,
आणि नाबर मास्तर म्हणत होते, कोकम, कोकम,
की मलाच तसं ऐकू आलं.

घरी आल्यावर वही उघडी होती.
सकाळी चहा ६०. पेज १५०. गोळी ३०.
खाली तिच्या वळणदार अक्षरात
इनास, अंदाजे दोन ग्लास.
तारीख रविवारची. शाई रविवारची.

रात्री चौथी बाटली अर्धीच भरलेली होती.
मी काही विचारलं नाही.
ती भाकरीचं पीठ चाळत राहिली.
गोळी गिळली,
बाटली दिव्यासमोर धरून पाहिली.
तळाशी बोटभर उरलं होतं,
ते सकाळसाठी ठेवलं.